27 की 28? कानेलाच्या ओफ्रेंदाचं प्रकरण

मेक्सिको सिटीच्या पोर्तालेस वस्तीत एका जुन्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत मी काही वर्षं भाड्याने राहिले. खाली तिघी: सत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांची नोकरी करणारी लेक आणि आठ वर्षांची नात. चौथी कानेला. कानेला म्हणजे दालचिनी. रंगावरून पडलेलं नाव. जातिवंत वगैरे काही नाही, आपल्याकडे जिला गावठी म्हणतील तशी. तिकडे अशा कुत्र्यांना एक फार गोड शब्द आहे, 'सोलोविनो', म्हणजे आपणहून आलेला. कुणी आणलं नाही, कुणी विकत घेतलं नाही, दारात येऊन बसला आणि राहिला. कानेला तशीच आली. आजोबा तेव्हा हयात होते. त्यांनी तिला गच्चीवर जागा दिली. मेक्सिकोत गच्चीवर कुत्रं ठेवायची रीतच आहे, रात्री सगळ्या वस्तीचं भुंकणं वरूनच येतं. आजोबा गेले आणि कानेला हळूहळू जिन्यावरून खाली, मग स्वयंपाकघरात, मग नातीच्या पलंगाखाली अशी उतरत गेली.

मी पेशाने समुपदेशक. हे प्रकरण माझ्याकडे कुणी घेऊन आलं नव्हतं, माझ्या दारासमोरच घडलं. घरच्यांना विचारून लिहिते आहे, काही तपशील बदलून.

2023 च्या ऑगस्टमध्ये कानेलाची मूत्रपिंडं निकामी झाली. वय तेरा तरी असावं. खाणं सुटलं, मग पाणीही पोटात राहीना. प्राण्यांच्या डॉक्टरांनी दोनदा सलाईन लावलं आणि तिसऱ्या वेळी सरळ सांगितलं की आता हाल थांबवा. लेकीने एकटीने निर्णय घेतला. आजी दवाखान्यात गेल्या नाहीत, नात शाळेत होती. संध्याकाळी नात घरी आली तेव्हा आईने तिला सांगितलं, "ला दुर्मिएरॉन." तिला झोपवलं.

सगळं घोडं इथे अडलं होतं, पण ते कळायला मला ऑक्टोबर उजाडला. मेक्सिकोच्या बोलीत प्राण्याला इंजेक्शन देऊन मरण देण्याला 'झोपवणं' म्हणतात. मोठ्यांना त्याचा अर्थ कळतो. आठ वर्षांच्या मुलीने तो शब्द जसाच्या तसा घेतला. सुरुवातीला तिने विचारलं, मग ती उठणार कधी. आईने विषय बदलला. त्यानंतर नात रात्री जागू लागली. मध्यरात्री उठून आईच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. शाळेतून निरोप आला की वर्गात पेंगते. आईला वाटलं मोबाईलमुळे होतंय, मोबाईल काढून घेतला.

मुलांशी मरणाबद्दल बोलताना 'झोपली', 'दूर गेली', 'देवाने नेली' असे शब्द टाळा, 'मेली' हाच शब्द वापरा, हे आमच्या कामातलं अगदी प्राथमिक शिक्षण. कुणाच्याही घरात ते आपण होऊन सांगायला जाणं मात्र अवघड. भाडेकरूने तर जाऊच नये.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात नात शाळेतून एक कागद घेऊन आली. त्यावर मृतांच्या सणात कुणाचा दिवस कोणता याचा तक्ता होता: 27 ऑक्टोबर पाळीव प्राणी, 28 अपघाताने किंवा हिंसेने गेलेले, मग बाप्तिस्मा न झालेली बाळं, 1 नोव्हेंबर लहान मुलं, 2 नोव्हेंबर मोठी माणसं. तिने तो फ्रिजवर चिकटवला आणि जाहीर केलं की 27 ला कानेलासाठी ओफ्रेंदा मांडायची.

ओफ्रेंदा म्हणजे मृतांच्या स्वागताची मांडणी. फोटो, मेणबत्त्या, पाणी, मीठ, कोपाल नावाच्या झाडाच्या डिंकाचा धूर, नक्षीदार कातरलेले रंगीत कागद, गेलेल्याच्या आवडीचं खाणं आणि ढिगाने झेंडू. या सणाला 'दिया दे मुएर्तोस' म्हणतात, 2008 पासून तो युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. झेंडू बघून मराठी माणसाला दसरा आठवतो, पण फूल मूळचं त्यांचं. नाव सेंपासुचिल, तिथल्या मूळ रहिवाशांच्या नाउआत्ल भाषेतलं, अर्थ साधारण 'वीस फुलं', म्हणजे भरपूर पाकळ्यांचं फूल. पोर्तुगीजांच्या काळात ते आपल्याकडे आलं आणि आपण त्याला तोरणात ओवलं. तिकडे त्याच्या पाकळ्यांची वाट करतात, दारापासून ओफ्रेंदेपर्यंत, येणाऱ्याला रंग आणि वास धरून चालता यावं म्हणून.

आजींनी तक्ता वाचला. "27 असं काही नसतं," म्हणाल्या.

त्यांचं गाव पुएब्ला राज्यातलं, आत्लिस्कोच्या बाजूचं. त्या भागात झेंडूची शेतीच आहे आणि मृतांचा सण तिथे गंमत म्हणून कुणी करत नाही. जवळच्या उआकेचुला गावात वर्षभरात गेलेल्या माणसासाठी पांढऱ्या सॅटिनचे मजल्यावर मजले चढवतात, छताला टेकतील इतके. आजी त्या शिस्तीतल्या. त्यांच्या हिशेबात 28 होती, 1 होती, 2 होती. कुत्र्याची तारीख नव्हती.

आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबरच होतं. जुन्या वर्णनांत 27 ऑक्टोबर हा पाळीव प्राण्यांचा दिवस म्हणून दिसत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत तो सोशल मीडियावरून पसरला आणि मग शाळा, बाजार, पाव-बेकऱ्या सगळ्यांनी उचलला. आता कुत्र्यांसाठी वेगळा 'पान दे मुएर्तो', म्हणजे या सणाचा पाव, विकतात. उगाच नाही. मेक्सिकोच्या सांख्यिकी संस्थेने 2021 मध्ये केलेल्या पाहणीत जवळपास 70 टक्के घरांत पाळीव प्राणी होते, सगळे मिळून सुमारे 8 कोटी. इतक्या घरांत दरवर्षी कुणी ना कुणी मरणारच.

लेकीने आपल्या परीने वाद घातला. मेक्सिको सिटीची ती भव्य मिरवणूक, जी बघायला आता जगभरातून लोक येतात, ती 2016 साली सुरू झाली, तीसुद्धा आदल्या वर्षीच्या एका हॉलिवूडपटात दाखवली म्हणून. मोठ्या हॅटमधली ती सांगाडा-बाई, कात्रिना, पोसादा नावाच्या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढली. दिएगो रिवेराने 1947 च्या भित्तिचित्रात तिला अंगभर पोशाख दिला. म्हणजे जुनं जुनं म्हणून आपण जे धरतो तेही कुणीतरी कधीतरी नव्याने आणलेलंच. नातीने आपली बाजू मांडली. 2017 च्या भूकंपात गॉगल आणि बूट घालून ढिगाऱ्यात माणसं शोधणारी नौदलाची फ्रीदा, आणि 2023 च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंपग्रस्तांना शोधता शोधता मेलेला लष्कराचा प्रोतेओ. त्यांना सगळ्या देशाने निरोप दिला, मग कानेलाला का नाही?

"त्यांनी काम केलं," आजी म्हणाल्या. "हिने काय केलं?"

हे बोलणं मला लागलं, कारण कानेलाला रोज सकाळी टॉर्टियाचा तुकडा चारायचं काम आजींचंच होतं. दर 17 जानेवारीला, सान आंतोनियो आबादच्या दिवशी, गळ्यात रिबीन बांधून तिला चर्चमध्ये आशीर्वादाला नेणाऱ्याही त्याच. जिवंत कुत्रीवर पवित्र पाणी शिंपडून घ्यायचं आणि मेलेलीला पाण्याची वाटी ठेवायची नाही, यात काहीतरी जुळत नव्हतं.

शंका आली ती 28 या आकड्यावरून. तीन दिवस वाद चालला, पण आजी 'ओफ्रेंदा नको' असं कधीच म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या काय, तर 27 नसते. एकदा भांडी घासता घासता पुटपुटल्या, "आणि तिची तारीख असलीच, तर 28 असेल."

लेक स्वयंपाकघरातून उठून गेली.

28 म्हणजे ज्यांचं मरण आपणहून आलं नाही त्यांची तारीख. अपघात, खून. आजींच्या मनात तो प्रश्न ऑगस्टपासून होता: सुईने आलेलं मरण कुठल्या दिवसात बसतं? त्यांना कुणावर आरोप करायचा नव्हता. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, आणि गावच्या हिशेबात याचं उत्तर नव्हतं, कारण गावात कुत्र्यांना कुणी दवाखान्यात मारत नसे. लेकीने मात्र ते वाक्य जसं ऐकायचं तसंच ऐकलं: तू तिला मारलंस. आणि हे तिच्या स्वतःच्या मनात आधीपासून होतं म्हणून तर तिने मुलीला 'झोपवलं' सांगितलं होतं. एकीला शब्द सापडत नव्हता, दुसरीला तारीख, आणि तिसरी, जिला कुणी काही सांगत नव्हतं, रात्री श्वास मोजत जागी.

त्या संध्याकाळी लेक वर गच्चीवर आली. कपडे वाळत घालायचं निमित्त. तिने स्वतःच विषय काढला, तेव्हा मी बोलले. दोनच गोष्टी सांगितल्या. एक, मुलीला 'मेली' हा शब्द द्या, आणि इंजेक्शन का दिलं तेही सांगा, नाहीतर तिला झोपेचीच भीती राहील. दुसरी, आईला विचारा की 28 म्हणताना तुला काय म्हणायचं होतं. दुसरी गोष्ट तिने केली नाही. पहिली त्याच रात्री केली. खालून आधी रडणं ऐकू आलं, मग बराच वेळ काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी नात आजींकडे गेली आणि म्हणाली, "कानेला झोपलेली नाही. ती मेली. आईने डॉक्टरांना सांगितलं, कारण तिला दुखत होतं. मी असते तर मीपण सांगितलं असतं."

आजी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी नातीला नदीची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट मेक्सिकोच्या खेड्यांत अजून सांगतात. मेल्यावर वाटेत एक नदी लागते आणि ती कुत्र्याशिवाय ओलांडता येत नाही. जिवंतपणी कुत्र्याला लाथ मारली असेल तर तो काठावर बसून नुसता बघतो. सोळाव्या शतकात साआगुन नावाच्या धर्मोपदेशकाने नाउआ वृद्धांकडून जे लिहून घेतलं त्यातही ती आहे. मिक्त्लान या मृतांच्या देशाची वाट चार वर्षांची, शेवटी नऊ पाण्यांची नदी. पांढरा कुत्रा म्हणतो, मी आत्ताच अंग धुतलं, येणार नाही. काळा म्हणतो, मला आत्ताच डाग पडला, येणार नाही. तांबूस रंगाचा तेवढा पाठीवर घेऊन पोहतो. आजींच्या गावच्या पाठात मात्र मदत करतो तो काळा, आणि पांढरा अंग मळेल म्हणून नाक मुरडतो. मी पुस्तकातला पाठ सांगितला, तांबूस. आजींनी एकदम फोटोकडे पाहिलं. दालचिनीचा रंग.

"म्हणजे म्हाताऱ्याला हिनेच न्यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पण तो आधी गेला."

"मग आता ती जाऊन शोधेल," नात म्हणाली.

इथे मी आपल्याकडचं सांगितलं. ऋग्वेदात यमाचे दोन कुत्रे आहेत, चार डोळ्यांचे, वाट राखणारे. पितृपक्षात पान वाढतो तेव्हा कावळ्यासाठी, गाईसाठी तसा कुत्र्यासाठीही घास काढतो. आजींनी लगेच विचारलं, मग कुत्रं मेलं की त्याला पान वाढता का? नाही, म्हटलं, आमच्याकडे कुत्रा दारातच असतो, त्याच्यामार्फत घास पोचतो, पाहुणा तो नसतो. "मग तुमचंही माझ्यासारखंच आहे," आजी म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

तारीख 27 ठरली. कुणी ठरवली ते मला नेमकं माहीत नाही. 26 ला सकाळी आजींनी हामाइकाच्या फूलबाजारात जायचं फर्मान काढलं, त्यावरून कळलं. "28 ला नको," एवढंच लेकीच्या देखत म्हणाल्या, "त्या दिवशी सान हुदासची गर्दी असते, फुलं महाग मिळतात." 28 ऑक्टोबर हा त्या संताचा मोठा दिवस आणि अर्धं शहर त्याच्या मूर्ती हातात घेऊन रस्त्यावर असतं, हे खरंच. पण फुलं एक दिवस आधी आणायची होती, त्यामुळे त्या कारणाला तसा अर्थ नव्हता. लेकीने मान हलवली. त्या विषयावर त्या दोघींमध्ये याहून जास्त बोलणं झाल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

पुढचा प्रश्न जागेचा. वेगळी मांडणी की घरच्या मांडणीतच? नातीला एकच हवी होती, आजोबांच्या शेजारी. आजींनी तडजोड केली: मांडणी एकच, पण कानेला सगळ्यात खालच्या पायरीवर, जमिनीलगत. "ती खालीच झोपायची," असं नातीला सांगितलं. मला वाटतं, आजींच्या मनात माणूस आणि कुत्रं यांच्यामधली एक पायरी शिल्लक राहायला हवी होती, आणि ती तशी राहिली.

काय मांडायचं यावरही चर्चा झाली. पाण्यासाठी काचेचा पेला नको, तिचाच पत्र्याचा वाडगा, कडेला चावल्याच्या खुणा असलेला. तिचा पट्टा, फाटका चेंडू, अस्थींची लाकडी डबी. कोरडं खाणं, ज्याला ते 'क्रोकेतास' म्हणतात, त्याची मूठभर. शिवाय कोंबडीचा तामाल, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून वाफवलेला पदार्थ, कारण तिने आयुष्यात चोरून खाल्लेल्या गोष्टींत तो पहिल्या नंबरावर होता. मिठाबद्दल आजी अडखळल्या. मीठ आत्म्याच्या शुद्धीसाठी ठेवतात, मग कुत्र्याला कशाला, ते तर शुद्धच? शेवटी ठेवलं नाही. या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला निर्णय.

माझा उपयोग एवढाच झाला की घरात मांजर होतं हे मी आठवण करून दिलं. मेलेल्या कुत्रीला चॉकलेट घातलेल्या मोले रश्श्याने काही होत नाही, जिवंत मांजराला होतं. कांदा, लसूण, मनुका यांचंही तसंच. शेजारणीने प्रेमाने लिलीची फुलं आणली होती. ती मी दारातूनच परत न्यायला लावली, कारण लिलीचा पराग चाटला तरी मांजराची मूत्रपिंडं जाऊ शकतात, आणि त्या घराने एका वर्षात तेवढं पुरेसं पाहिलं होतं. झेंडू आणि मखमली कोंबडा ही फुलं चालली. मेणबत्त्या उंच काचेच्या भांड्यांत ठेवल्या. कोपालचा धूर खिडकी उघडी ठेवून केला.

पाकळ्यांची वाट हा खरा गमतीचा भाग. रीत अशी की वाट रस्त्याच्या दारापासून आत येते. नातीने ती गच्चीपासून सुरू केली. कानेला वरून खाली आली होती, म्हणून. माझ्या खोलीच्या उंबऱ्यासमोरून, लोखंडी जिन्याच्या एकेका पायरीवर मूठ मूठ पाकळ्या, खाली स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात. दोनदा वाऱ्याने उडवली, दोनदा तिने पुन्हा घातली. त्या रात्री मला पाणी आणायलाही खाली जाता येईना, वाट मोडेल म्हणून. मी खोलीतच बसून राहिले.

27 ला अंधार पडल्यावर मेणबत्त्या लावल्या. प्रार्थना झाली नाही, आजींनी नुसता क्रूस केला. लेक बराच वेळ पट्टा हातात धरून होती. नात मांजराला मांडीवर घेऊन सगळं समजावत होती: हे पाणी, हे खाणं, हा तुझा नाही. साडेनऊला ती तिथेच गालिच्यावर झोपली आणि कुणी तिला उठवलं नाही.

हे वाचून कुणाला वाटेल की एका ओफ्रेंदेने मुलीची झोप बरी झाली. तसं नाही. रात्रीचं उठणं आधीच कमी झालं होतं, खरा शब्द मिळाला त्या आठवड्यापासून. नोव्हेंबरात ते अधूनमधून चालूच होतं, नाताळपर्यंत थांबलं. ओफ्रेंदेने काय केलं, तर त्या शब्दाला घरात ठेवायला जागा दिली. 'मेली' म्हणायचं आणि मग काय, हा प्रश्न उरला होता. मग वाडगा घासायचा, चेंडू शोधायचा, फुलं निवडायची. आणि नव्या तारखेने केलं ते असं की आजींना लेकीवर काहीही न लादता बाजू घेता आली. जुन्या हिशेबात हे मरण 28 लाच बसलं असतं. 27 ला पाठीमागे काही इतिहास नव्हता, म्हणूनच तिथे कुणाचा दोषही नव्हता. सोशल मीडियावरच्या या रीतीला नाक मुरडणाऱ्यांत मीही होते. आता तशी मुरडत नाही, निदान मोठ्याने तरी.

1 तारखेला वरच्या पायऱ्यांवर आजोबा आणि इतर मंडळी आली. तेव्हा कानेलाचा फोटो काढायचा का, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी काढलाही नाही. 3 ला सगळं आवरलं. पाव सगळ्यांनी वाटून खाल्ला, तो खायचाच असतो, जरी आजींच्या मते त्यातली चव मृत घेऊन गेलेले असतात. क्रोकेतास उरले. नातीने ते कोपऱ्यावरच्या टाकोच्या गाडीजवळ बसणाऱ्या काळ्या कुत्र्याला घातले. त्याने हुंगले आणि सोडून दिले. तिथे रोज मांस मिळत होतं त्याला.

पुढच्या उन्हाळ्यात मी ते शहर सोडलं. 2024 च्या 27 ऑक्टोबरला लेकीने फोनवर एक फोटो पाठवला. झेंडू, वाडगा, पट्टा, पुन्हा मीठ नाही. कानेलाचा फोटो एक पायरी वर, आजोबांच्या टोपीला टेकून. पायरीबद्दल तिने काहीच लिहिलं नव्हतं. मी विचारलं, तर उत्तर आलं: "आईने मांडलंय."